कार्ड काढून बघणारी

तिचा दिवस पावणेपाचला सुरू व्हायचा. आईला उठवायचं, धरून न्हाणीघरात न्यायचं, भरवायचं, औषध द्यायचं, खिडकीशी खुर्चीत बसवायचं आणि मग कामावर निघायचं. घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. गुडघे गेल्यापासून म्हातारी तीन वर्षं जिना उतरली नव्हती. तळमजल्यावर जागा घ्यायची, एवढ्यासाठी ती नोकरी करत होती.

आमच्या कारखान्यात इमारतींचे पाण्याचे पंप चालवणाऱ्या पेट्या बनत. मी फिटर. पत्र्याच्या पेटीत बोर्ड बसवायचा, झाकणाचे चार स्क्रू आवळायचे. बोर्ड म्हणजे तळहाताएवढा संगणक. त्यात आधी ॲप्लिकेशन भरावं लागे, नाहीतर पंप कधी चालू करायचा नि कधी बंद, हे त्याला कळणार कसं? हे भरायचं काम चार बायका करत. ॲप्लिकेशनचं मेमरी कार्ड खाचेत घालायचं, बटण दाबायचं. हिरवा दिवा लागला की बोर्ड बंद करून पुन्हा चालू करायचा. बोर्डाच्या छोट्या पडद्यावर पंपाचं चित्र आलं की कार्ड काढायचं आणि बोर्ड ट्रेमध्ये ठेवायचा.

तिघी पाळीला प्रत्येकी साठ बोर्ड करत. ही पंचेचाळीस. कमी काम पाहिलं की माझं डोकं फिरतं. मी तिच्यावर नजर ठेवली.

ती कार्ड आधी काढायची, मुठीत धरायची आणि मग बोर्ड चालू करायची. जेवणाच्या सुट्टीत शेड रिकामी झाली की शेजारणींच्या ट्रेमधले बोर्ड उचलून आपल्या टेबलावर लावायची. वहीत काहीतरी लिहायची. कुणाची चाहूल लागली की वही पोटाशी.

त्याच सुमाराला सुपरवायझर म्हणाले होते, बाजारात हुबेहूब आपल्यासारख्या पेट्या आल्यात, कार्डं जपा. कार्डावर आमचं सगळं ॲप्लिकेशन असे. माझ्या मनात पाल चुकचुकली. पाच दिवस दाराआडून पाहिलं आणि सहाव्या दिवशी सुपरवायझरना सांगितलं.

पाळी सुटताना तिला दारात थांबवलं. पिशवी टेबलावर उलटी केली. डबा, कंगवा, आईच्या गोळ्या, वही. कार्ड नव्हतं. वहीत बोर्डांचे नंबर होते. नऊ.

"नंबर कंपनीचे आणि वही तुझी? कुणाला पोचवतेस हे?" सुपरवायझर म्हणाले.

"कुणाला नाही."

तिची शेजारीण तोंडाची फटकळ. म्हणाली, "तरीच! हिचे हात कमी आणि डोळे जास्त चालतात."

"उद्यापासून येऊ नकोस," सुपरवायझर म्हणाले.

ती गोळ्या पिशवीत भरत होती. वर न बघता म्हणाली, "साहेब, पंधरा दिवसांपूर्वी मी सांगितलं होतं, काही बोर्ड रिकामे जातायत. तुम्ही म्हणालात, दिवा हिरवा आहे ना, मग शहाणपणा नको."

"बरं, मग?"

"मग मी नंबर लिहायला लागले. हा माल महिनाअखेरीपर्यंत गोदामातच आहे. या नऊ पेट्या मागवा, कार्ड न घालता चालू करा. एकीवर जरी चित्र आलं, तरी मी आपणहून जाते."

"रिकामे दिसले तर बाजूला का नाही काढलेस?"

"दुसरीच्या ट्रेमधला बोर्ड बाजूला काढला असता, तर चोर म्हणाला असतात. न काढताही म्हणालातच."

पेट्या आल्या. झाकणं उघडायला मीच. पहिल्या पेटीचा पडदा काळा. दुसरीचाही. तिसरी उघडताना स्क्रू माझ्या हातातून निसटला. नऊच्या नऊ काळ्या.

वरच्या मजल्यावरून प्रोग्रामवाल्याला बोलावलं. ॲप्लिकेशन त्यानेच लिहिलेलं. त्याने आम्ही बोर्ड कसा तपासतो ते विचारलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, कार्ड आत ठेवून तपासता? मग बोर्ड कार्डावरूनच चालतो! त्याच्या स्वतःच्या पोटात काही उतरलंय की नाही, हे कळणार कसं?"

"पण दिवा हिरवा लागतो," सुपरवायझर म्हणाले.

"दिवा फक्त कॉपी संपली एवढंच सांगतो. नीट उतरली की नाही, ते नाही सांगत."

"हे तुम्ही आधी सांगितलं होतं?"

त्याने हातातला बोर्ड उलटा करून पाहिला. मग म्हणाला, "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

नवीन ॲप्लिकेशन जुन्यापेक्षा मोठं होतं. काही बोर्डांत ते अर्धवट उतरत होतं. पुढचे तीन दिवस आम्ही सगळे फिटर गोदामातल्या तीन हजार पेट्यांची झाकणं उघडत होतो. एकतीस रिकाम्या निघाल्या. तिच्या हातचा त्यात एकही बोर्ड नव्हता.

तिची माफी कुणी मागितली नाही. तिला तपासणीवर घेतलं, पगार वाढवला. प्रोग्रामवाल्याने तिला शेजारी बसवून ॲप्लिकेशन बदललं. ती सांगत होती, तो लिहीत होता. आता कार्ड काढून बोर्ड पुन्हा चालू केल्याशिवाय दिवा हिरवा होत नाही. त्यालाही ती म्हणाली, "आधी पन्नास बोर्डांवर बघू, मग खरं."

पेट्या उघडून झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलापाशी आली.

"दादा, साहेबांना तुम्हीच सांगितलंत ना?"

"हो."

"पाच दिवस बघत होतात. मला दिसत होतं."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्ही साहेबांचे." तिने वही दुसऱ्या हातात घेतली. "पण तुम्हाला जवळ येऊन विचारायला काय झालं होतं?"

मी स्क्रू आवळत राहिलो. त्या दिवशी मी काम पुरं केलं, पण मन लागलं नाही.

अडीच वर्षांनी तिने तळमजल्यावर दोन खोल्या घेतल्या. म्हातारीला खुर्चीत बसवून आम्ही कारखान्यातल्या चौघांनी चार जिने खाली आणलं. वाटेत म्हातारी मला दोनदा म्हणाली, "नीट धर रे, तुझ्यावर भरवसा नाही." नव्या घराच्या दाराला एकच पायरी होती. म्हातारीला तीही जड. मुलीने पुढच्या पगारातून गवंडी लावला आणि पायरी फोडून उतार करून घेतला. दीड दिवसाचं काम. या वेळी मी जवळ जाऊन मोजपट्टी लावून पाहिलं. उतार बरोबर होता.