घट्ट कळ

कतारमध्ये, दोह्याच्या बाजारात बंदुकांच्या दुकानात मी कारकून होतो, तेव्हा वाळवंटातल्या भटक्या टोळीतल्या एका बदू म्हाताऱ्याने माझं डोकं खाल्लं होतं. त्याच्या नव्या पिस्तुलाला गॅरंटी होती आणि तक्रार दर वेळी एकच, गोळी अडवून धरणारी सेफ्टीची कळ सैल आहे. मिस्त्री ती घट्ट करून द्यायचा. म्हातारा उभ्याउभ्याच अंगठ्याने कळ सरकवून बघायचा, जीभ टाळ्याला लावून ‘च्च’ करायचा आणि पिस्तूल पुन्हा माझ्यापुढे ठेवायचा.

शेवटी मी भडकलो. “चाचा, लोकांना कळ हलकी लागते. तुमची तर वेळेला सरकणारसुद्धा नाही!”

तो शांतपणे म्हणाला, “भावाशी माझं विहिरीवरून भांडण आहे. मला राग फार लवकर येतो. कळ सरकेपर्यंत तो जरा उतरायला हवा.”

मी मिस्त्रीला जाड स्प्रिंग बसवायला सांगितलं. आता म्हाताऱ्याला दोन्ही अंगठे लावावे लागले. “खलास, झालं काम!” म्हणत तो पहिल्यांदाच हसला.

आठवड्याभराने तो पुन्हा दारात दिसला आणि मी कपाळाला हात लावला. पण या वेळी पिस्तूल दुसरंच होतं.

“हे भावाचं,” तो म्हणाला. “त्यालाही अशीच घट्ट करून हवी आहे.”