आधी वरची रेघ

आयटीआयमधून वेल्डर झाले तेव्हा लोखंड आपल्या मुठीत आलं असं मला वाटलं होतं. जपानी लिपीनं ती घमेंड उतरवली. दगड, लोखंड, चांदी, तांबं, सुई, प्रत्येकाचं चित्रासारखं वेगळं अक्षर. त्यात धातूच्या अक्षरांना डावीकडे घरासारखी एकच खूण जोडलेली, वर उतरतं छप्पर असलेली. जपानमधल्या वेल्डिंगच्या कामासाठी आमच्या क्लासमधून मुलाखतीला कोण जाणार, हे सरांच्या लेखी परीक्षेवर ठरणार होतं. मला जायचंच होतं.

क्लास ऑनलाइन होता; लिहिताना सर मोबाइलच्या व्हिडिओवर आमचे हात बघायचे. रेघा ठरलेल्या क्रमानं ओढल्या नाहीत तर अक्षर सुबक असूनही गुण नाहीत. दगडाच्या अक्षराच्या डोक्यावर आडवी रेघ असते, ती पहिली ओढायची. पण आपण मराठीत शब्द लिहून झाल्यावरच वर रेघ देतो, म्हणून माझा हात तीही शेवटीच ओढायचा. धातूच्या घराचं छप्परही शेवटी चढवायचा. आमच्या राळेगावकडे भिंतींआधी छप्पर कोण घालतं? सर ऐकत नव्हते आणि हात माझं ऐकत नव्हता.

आईला माझं जाणं मुळीच मान्य नव्हतं. "इथं दुकानं नाहीत काय वेल्डिंगची? इतक्या दूर कायले जातं?" मला हट्टी म्हणायची. हट्टी तर हट्टी.

उन्हाळ्यात अंगणातल्या धुण्याच्या काळ्या दगडावर मी तांब्यातल्या पाण्यात बोट बुडवून अक्षरं गिरवू लागले. दगड इतका तापायचा की लिहिलेलं बघता बघता उडून जायचं. स्वतःला मोठ्यानं बजावायची, आधी वरची, आधी वरची. बोट पोळलं तरी उठत नव्हते.

एका दुपारी आई ओसरीत तूर निवडत होती. सूप बाजूला ठेवून ती दगडाजवळ आली.

"तुही वरची रेघ मांगून वाळून राह्यली, पोरी. मांगूनच काढली असशीन."

खरंच होतं. तोंडानं एक म्हणत हात दुसरंच करत होता, आणि आधी ओढलेलं आधी वाळतं. मला जाऊ न देणारी आईच माझी चूक काढत होती. मी पुन्हा लिहिलं, या वेळी वरची रेघ आधी.

आई वाकून बघत राहिली. "हे आता पह्यले वाळली," म्हणाली.

तांब्यातलं पाणी संपलं होतं. तिनं तो उचलला, रांजणातून भरून आणला आणि माझ्या हाताशी ठेवला.

"लिही," म्हणाली.