गाणं संपायच्या आधीची टाळी

जगभरातल्या मुलांची एक गाण्याची स्पर्धा असते. भाग घेणारा प्रत्येक देश आपलं एक मूल पाठवतो आणि ते मूल आपल्याच भाषेत गातं. आपल्याकडचं कुणी त्यात नसायचं, तरी आमच्या रहाटणीच्या घरात ती घरचं कार्य असल्यासारखी पाहिली जायची. लेक तेव्हा चौथीत होती. रविवारी दुपारी जेवणं झाली की ती टीव्हीला मोबाइल जोडून जुने भाग लावायची, पडदे ओढायची आणि आम्हा दोघांना सोफ्यावर बसवायची.

भाषा कुणालाच कळत नसल्यामुळे गाणं कशाबद्दल आहे ते आम्ही आपापलं ठरवायचो. निळ्या झग्यातली एक मुलगी गात होती, तर लेक म्हणाली, ती बर्फात वाट चुकलीय. मला वाटलं, तिला आजोळ आठवत असेल. नवऱ्याच्या मते तिची शेळी हरवली होती. तो लातूरकडचा, त्याच्या सगळ्या गाण्यांत जनावरंच असायची. वरणभातानं डोळे जड झालेले असायचे, खोलीभर टीव्हीचा उजेड हलत असायचा, आणि आम्ही तिघं कुठल्या तरी दूरच्या गावात पोचलेलो असायचो. मला फार सुख वाटायचं त्या दुपारी.

लेकही तीच गाणी म्हणायची, न कळणाऱ्या शब्दांसकट. शेवटी अगदी उंच, बारीक सूर लावून धरायची, आणि नेमका तेव्हाच तिचा बाबा टाळ्या वाजवायचा. ती मध्येच थांबायची. असं दोन-चारदा झाल्यावर ती स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, बाबाला माझं गाणं कधी एकदाचं संपतंय असं होतं. त्यानंतर ती त्याच्यासमोर गायची बंद झाली. दारात त्याची चावी वाजली की गप्प.

मला त्याचा रागच आला. पोरीसाठी एवढाही धीर धरवत नाही का, असं मी सुनावलं. तो बावचळून म्हणाला की तो गाणं संपल्यावरच टाळ्या वाजवतो. आता थापाही सुरू झाल्या, असं मी ऐकवलं.

पुढच्या रविवारी पुढचे दात पडलेला एक मुलगा गात होता. शेवटचा सूर त्यानं इतका वर नेला की माझ्या अंगावर काटा आला. सूर चालू होता, मुलाचं तोंड उघडंच होतं, आणि नवरा शांतपणे पाणी प्यायला उठला. "चांगलं होतं," तो म्हणाला, "पण लवकर संपलं."

लेकीनं माझ्याकडे पाहिलं. मुलगा अजून गातच होता.

निघोज्याच्या कारखान्यात तो प्रेसवर काम करतो, तिथे दिवसभर पत्र्यावर दणके बसत असतात. कानात घालायला बोळे मिळायचे, पण ते घातले की शेजारच्याची हाक ऐकू येत नाही म्हणून तो ते खिशात ठेवायचा. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम मी त्याला कधी सांगितलं नाही, नाहीतर आधीच कळलं असतं. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, उंच, बारीक आवाज गेलेत, ते आता परत यायचे नाहीत, उरलेलं जपा.

लेकीला त्यानं स्वतःच सांगितलं. गॅलरीतले कपडे काढताना, तिच्याकडे न बघता. "तू वर गेलीस की मला नुसती दिसतीस. ऐकायला येईना गेलंय."

ती रडली. मग चिडली, कुणावर ते तिलाही ठाऊक नसावं. मला वाटलं, आता खालच्या पट्टीतली गाणी शोधेल. तिनं तसलं काही केलं नाही. त्याला हाताला धरून आत आणलं, सोफ्यावर बसवलं, पडदा सारला आणि खिडकीच्या उजेडात उभी राहिली.

"मग बघ," म्हणाली.

ती गाऊ लागली आणि हळूहळू वर गेली. टाचा उचलल्या, गळ्याची शीर ताणली, भुवया वर गेल्या, डोळे मिटले. तो पुढे सरकून बघत होता, हात गुडघ्यांवर तसेच. तिचा सूर मला लख्ख ऐकू येत होता. मी दोन्ही कानांवर हात दाबून धरले. त्याला ती कशी दिसतेय ते मला बघायचं होतं.