सायबाच्या वाटेवरची नर्सबाय

२०१६ साल होतं आणि मला अडुसष्टावं लागलं होतं, तेव्हा ही बाई पहिल्यांदा माझ्या मागे चालायला आली. मागे म्हणजे किती मागे? मी चढ संपवून वळून बघितलं, तर मागे माणूस नाही. सगळी मंडळी खाली एका झाडाखाली फतकल मारून बसलेली. ही छत्रीच्या मुठीनं फांदी खाली ओढून उभी, आणि सगळे त्या फांदीकडे देव बघावा तसे बघताहेत. मी वरून ओरडलो, "चला रे, ऊन वाढता!" ती मान वर न करता म्हणाली, "झाड खंय पळता? तुमीय बसा मगे."

अशी माणसं तुम्हीही बघितली असतील. पुढे कधी होत नाहीत, पण लोक त्यांच्याच मागे.

आता ही वाट कसली ते सांगतो. माझ्या आज्याच्या वेळी झाडपाल्याचा एक फार मोठा जाणकार आमच्या गावात आला होता. खाडीपासून वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, आणि पलीकडे देवाच्या रायीपर्यंत पायी फिरला. पुस्तकांत त्याचं नाव आहे म्हणतात. मी पुस्तकांच्या वाटेला गेलो नाही, चौथीत शाळा सुटली. आमच्याकडे त्याला 'पाल्याचो सायब' म्हणत. त्याच्या पुढे वाट दाखवत चालला तो माझा आजा.

म्हणून मालवणच्या पोरांनी तारकर्लीत उतरणाऱ्या पाहुण्यांना त्या वाटेनं फिरवायचं काढलं, तेव्हा मी सांगून टाकलं, पुढे चालण्याचा मान आमच्या घराचा. पालखीपुढे कोणी चालायचं यावरून आमच्याकडे भावकी बोलणं टाकते, मग सायबाच्या वाटेला मान नको? पोरं हसली, पण कबूल झाली. वाटेच्या तोंडाशी मी नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचो, "बा देवा म्हाराजा, ही पोरां सायबाच्या वाटेर चल्लीत, त्येंका काटो-कुटो लागाक देव नको रे म्हाराजा!"

आणि त्यावर साथीचा 'व्हय म्हाराजा' सगळ्यात मोठा कोणाचा? हिचा. गळ्यात क्रूस, रविवारची चर्चची मिस चुकवायची नाही, आणि हाक अशी की टिटव्या उडाव्यात. पाहुणे टाळ्या वाजवायचे. गाऱ्हाणं माझं, टाळ्या तिला.

ती निवृत्त नर्स. कट्टा गावापासून खाडीपर्यंत निम्म्या लोकांना तिनं कधी ना कधी टोचलेलं. वाटेत बाप्ये भेटले की आधी त्यांचा हात कमरेवर जायचा आणि मग हसायचे. मी जन्मात कोणाला टोचलं नाही, मला कोण ओळखतो!

बरं, झाडांची नावं तिला येत होती असं समजू नका. कोणी विचारलं की सरळ सांगायची, "माका नाय म्हायत. वास घेऊन बघ." पाहुणे वास घ्यायचे आणि खूश व्हायचे. मला नावं येत होती, पण मला कोणी विचारीना. फोटोत ती मधोमध. मी एकाच फोटोत आलो, तोही नुसता कोपर. माझा कुत्रा तिच्या मागे. आणि माझी बायको, माझी, सकाळी बाटली हातात देऊन सांगायची, "ह्या कोकमाचा सरबत बायक देवा हां. वाटेत पिव नका."

खरं बिनसलं ते सड्याच्या अलीकडच्या फाट्यावर. तिथून रायीकडे दोन वाटा जातात, एक वरून कातळावरून, एक खालून व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, कडेनं. आज्यानं सांगितलेली वरची. एक दिवस ती फाट्यावर छत्री टेकून थांबली.

"दादानू, सायब खालसून गेलो असतलो."

"तुका कोणी सांगला?"

"पाल्यासाठी इल्लो मरे तो. उघड्या कातळार काय भाजूक जातलो?"

सगळे हसले. माझं डोकं तापलं. "म्हणजे माझो आजो खोटो?"

"खोटो नाय ओ. आज्याक घराक जावची घाई असतली."

त्या दिवशी सगळे खालून गेले. मी एकटा वरून गेलो, ताठ मानेनं, आणि रायीपाशी त्यांची वाट बघत बसलो. आले ते ओल्या पायांनी, हसत. पुढे पोरांनी खालचीच वाट कायम केली. मी जायचं सोडलं. नारळ कोण ठेवतो बघू, म्हटलं. कोणीच ठेवला नाही आणि कोणाचं काही अडलंही नाही.

तरी दर खेपेला ती माझ्या आवाराच्या दगडी गडग्यापाशी थांबायची. "दादानू, येतास काय?"

मी सुपारी कातरत असायचो. "वाट चुकीची आसा."

"मगे बरोबर दाखवूक या."

मी बघत नसे. ती पुढे गेली की मात्र ओसरीच्या टोकाला जाऊन बघायचो, आज माणसं किती. कमी असली तर जेवण गोड लागायचं. बायको म्हणायची, "तुमका सायबाचा काय एक पडलेला नाय. तुमका त्या बायचा पडला."

गेल्या वर्षी चतुर्थीनंतर ती रिक्षानं आली. गुडघे पार गेले होते, मुलगी तिला कायमची गोव्याला नेत होती. खाली उतरवेना, म्हणून मीच गडग्यापाशी गेलो. ती म्हणाली, "दादानू, मी खूप इचार केलंय. सायब वरसूनच गेलो असतलो. तुमचो आजो बरोबर."

हे ऐकायला मी इतकी वर्षं थांबलो होतो. पण बोलताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही, माझ्या फणसाकडे बघत होती. दुखणार नाही असं पोराला सांगताना नर्स दुसरीकडे बघते, तशी.

मला असा राग आला! "खोटा बोलू नको, बाय. औषध दितंस काय माका?"

ती हसली. "घेवा मगे. कडू नाय."

रिक्षा वळली. बायको पदर डोळ्याला लावून उभी होती. मी तिला म्हटलं, गोवा काय सातासमुद्रापार आहे काय, आणि आत येऊन विनाकारण कुत्र्यावर ओरडलो.

पावसाळ्यात रानमोडीचं तण माजतं आणि दोन्ही वाटा गिळून बसतं. वरची दर वर्षी मी माझ्या हातानं मोकळी करतो, माणसं येवोत न येवोत. खालची बाय पोरांच्या मागे लागून करून घ्यायची. आता पोरांच्या मागे कोण लागणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी पेजेला न थांबता मी कोयता घेऊन निघालो. फाट्यावर जरा उभा राहिलो. सायब खालून गेला नाही, हे मी आजही कोणालाही सांगेन. मग धोतर वर खोचलं आणि खालच्या वाटेला लागलो. ऊन चढेपर्यंत व्हाळापाशी पोचलो होतो. वरची उद्या करू, म्हटलं.