दार धरणारी

शर्टाच्या कारखान्यात ती काजं पाडायची, म्हणून सगळे तिला काजवाली म्हणत. नाव होतं तिला, पण ते फक्त पगाराच्या दिवशी बाहेर निघायचं. माझं कॉलरचं मशीन तिच्या शेजारी होतं, त्यामुळे मला सगळं जवळून दिसलं.

काज चुकलं तर उसवून भागत नाही, कापडच कापलेलं असतं. म्हणून ती आधी नीट बघायची, आणि एकदा पाय दाबला की मागे वळायची नाही. घरीही तेच. नवऱ्याने एकदा हात उगारला, तर लेकीला घेऊन वेगळ्या खोलीत राहायला गेली. सासू म्हणाली, लोक काय म्हणतील? ही म्हणाली, बोलवा जेवायला आणि विचारा.

आमच्या संडासाच्या दाराला आतून कडी नव्हती. कित्येकदा मागून झाली, पण साहेब ढिम्म हलले नाहीत. म्हणून आम्ही जोडीने जायचो. एक आत, दुसरी बाहेर दार धरून. सुपरवायझर खुर्ची टाकून तिथेच समोर बसायचा. बायका कामचुकारपणा करतात, त्यावर लक्ष ठेवतो म्हणे.

अशात इस्त्रीच्या टेबलावर एक नवी आली. मुलगा म्हणून वाढवलेली, पण पहिल्यापासून बाईच. साडी आमच्यापेक्षा चापूनचोपून नेसायची. पुरुषांच्या संडासात गेली की तिथले तिची टिंगल करत, एकाने तर पदर ओढला. आमच्याकडे यावं, तर तिच्यासाठी दार धरायला कोणी उठेना. मग तिने सोपा मार्ग काढला. पाणीच पिणं सोडलं. दिवसभर वाफेत उभी, घशाला कोरड, आणि एका दुपारी घडी घातलेल्या शर्टांवर आडवी झाली.

काजवालीने तिच्या तोंडाला तांब्या लावला. मग हाताला धरून संडासाकडे नेलं आणि दार धरून उभी राहिली. इस्त्रीवाली बाहेर आल्यावर ही स्वतः आत जात म्हणाली, "आता तू धर."

त्यावरून चार दिवस कुजबुज चालली. ओव्हरलॉकवाल्या मावशी आमच्यात वडीलधाऱ्या, त्यांना हे रुचलं नाही. भीती वाटते गं, म्हणाल्या. काजवालीने उलट उत्तर दिलं नाही. कोणाची भीती वाटते ते नीट बघा, एवढंच म्हणाली आणि मशीनवर बसली. मावशींनी नाक मुरडलं. पण संडासाला जाताना त्यांची नजर त्या खुर्चीकडे गेली, ती मी पाहिली.

सुपरवायझरला आयतं कोलीत मिळालं. त्याने सगळ्यांसमोर फर्मान काढलं: इस्त्रीवालीने उद्यापासून पुरुषांच्या संडासात जायचं, नाहीतर घरी. काजवाली म्हणाली, मग मीही घरी. तो म्हणाला, खुशाल. दोघींचं काम तिथेच सुटलं असतं. इस्त्रीवाली प्लग काढून पिशवी भरायला लागली. आपली बाजू भक्कम करायला म्हणून तो मावशींकडे वळला.

"मावशी, तुम्हीच सांगा. तुम्हाला हे चालतं का?"

मावशींनी आधी दोरा तोडला.

"मला तुम्ही दारासमोर बसता ते चालत नाही. इतक्या वर्षांत ते विचारलंत का कधी?"

कोणी हसलं नाही. एकेक मशीन बंद होत गेलं, माझंही. सुपरवायझर साहेबांकडे गेला. साहेबांना शर्टांची गाडी भरायची होती, स्त्रीजातीच्या कल्याणाशी त्यांचं घेणंदेणं नव्हतं. त्यांनी खुर्ची तिथून उचलायला सांगितली, कडी बसवायला माणूस पाठवला, आणि बाकीचं तुमचं तुम्ही बघा म्हणाले.

नंतर मी काजवालीला म्हटलं, मावशींनी वाचवलं हो तुम्हा दोघींना. ती म्हणाली, वाचवायची वेळच का यावी? खाली मान घालून तिने पुढचा शर्ट ओढला. इस्त्रीवालीने प्लग परत लावला, आणि इस्त्री तापेपर्यंत उभ्याउभ्याच पेलाभर पाणी प्यायली.