पंखा चालू होता त्या दिवशीचा तास

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. फिजिक्स शिकवणारा माणूस मी.

चंदीगडला सेक्टर ३४ मधल्या एका कोचिंग क्लासात शिकवतो. मुग्धा माझी विद्यार्थिनी. वडील फौजेत, मूळचे कोल्हापूरचे, घर चंदीगडजवळच्या खरड गावी. ती आजारी पडली, येणं बंद झालं. तिच्या आईने विचारलं, "सर, तास रेकॉर्ड करून द्याल का?" अवघड काहीच नव्हतं... घरचा जुना लॅपटॉप पहिल्या बाकावर, कॅमेरा फळ्याकडे, शर्टाला वायरचा साधा कॉलर माइक, फुकटचं सॉफ्टवेअर. फक्त पंखे बंद ठेवावे लागत, नाहीतर नुसती घरघर. मुलं कुरकुरायची, "सर जी, मुग्धा पढ़ेगी, हम उबलेंगे." दर शनिवारी तिची आई पेन ड्राइव्ह न्यायची.

मे महिन्यात एक दिवस मी कंटाळा केला. रोटेशनच्या धड्याचा तास होता. उकाड्याने जीव नको झालेला – लॅपटॉप पिशवीतून काढलाच नाही. पंखे लावले. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

शनिवारी म्हणालो, "ताई, तेवढी एक फाइल करप्ट झाली."

"अहो, रोटेशनचीच वाट बघतीय ती. परत घ्याल का तेवढा?"

"घेतो की."

घेतला नाही. तीन आठवड्यांनी मुग्धा गेली.

महिन्याभराने भेटायला गेलो. आईने मुग्धाची वही पुढे ठेवली. "रोटेशनचा तास मिळाला म्हणून किती खूश होती, सर."

"कुठून मिळाला?"

"तुमच्याच पेन ड्राइव्हमध्ये होता की."

वही उघडली. त्या दिवशी फळ्यावर मी एक समीकरण चुकीचं लिहून लगेच पुसलं होतं. तेही होतं, वर काट मारलेली. आणि समासात, पेन्सिलीने – 'आज पंखा चालू आहे. सरांचा आवाज नीट येत नाही.'

पेन ड्राइव्ह तिथेच लावून पाहिला. तशी फाइल नव्हती. वर्गातल्या प्रत्येकाला विचारलं; कुणीही तिला नोट्स किंवा फोनवरचं रेकॉर्डिंग पाठवलं नव्हतं. मला आजही उत्तर सापडलेलं नाही, आणि आता मी ते शोधतही नाही.

तेव्हापासून एकही तास रेकॉर्ड केल्याशिवाय घेतलेला नाही. ताप असला तरी आधी माइक लावतो, पंखे बंद करतो. पण तिच्या आईला अजून वाटतं, तो तास मी दिला. त्या दिवशी मान हलवून चहा पिऊन आलो. येत्या रविवारी खरडला जाणार आहे – हे लिहून टाकलंय ते मागे फिरता येऊ नये म्हणून.

तो तास मी दिला नव्हता. तिच्या आईला हे सांगण्याचं देणं मी अजून लागतो.