पानी उतारलंय, जेवून जा

बाळाराममामा गेले हे मला खोपटच्या डेपोत कळलं. ग्रुपवर सरलाकाकूंचा मेसेज, 'मामा गेले गो.' बस लागली, सुटली, मी तशीच उभी. महिना झाला... तरी टाईप करताना बोटं थांबतायत.

मामा म्हणजे सख्खे नाहीत हां. डोंबिवलीच्या खाडीत एक छोटंसं बेट आहे, तिथले होडीवाले. मी मानपाड्याची, कॉलेजच्या प्रोजेक्टला गेलेले आणि तिथलीच झाले. बेटावरची घरं एकेक करून बंद पडत चाललेली. मग मामांनी आणि गावातल्या बायकांनी ठरवलं, लोकांना बोलवायचं, खाडी फिरवायची, घरी चिंबोऱ्या-भाकरी खायला घालायची. चुलीकडे सरलाकाकू, बुकिंगला मी. मी 'टुरिस्ट' म्हटलं की मामा जाम चिडायचे. "पावना बोल गो! टुरिस्ट बघून जातो, पावना परत येतो."

पण मामा पाण्याबद्दल बिनधास्त खोटं बोलायचे. ओहोटीला होडी चिखलात रुतते, हे खरंच. म्हणून धक्क्यावरच्या फळ्यावर ते खडूने परतीची वेळ लिहायचे. पण एखादा पाहुणा आवडला की भरपूर पाणी असतानाही फळ्यावर यायचं, 'पानी उतारलंय. जेवून जा.' पाहुण्यांच्या एका ग्रुपने ऑनलाईन लिहिलं, इथे वेळ पाळत नाहीत. मी टरकले. लोक यायचे थांबले तर चुली परत बंद! लगेच भरती-ओहोटीचं ॲप घेतलं, होडीच्या वेळा फिक्स केल्या. मामा एवढंच म्हणाले, "बरं. तुझा मोबाईल सांगल तसा."

शेवटचं भेटलो तेव्हा ते धक्क्यावर खोकत बसलेले. "पानी उतारलंय गो. आज ऱ्हा."

मी ॲप नाचवलं. "मामा, फेकू नका! ओहोटीला अजून दोन तास आहेत."

धक्क्यावरचे सगळे हसले, मामापण. मग त्यांनीच मला पलीकडे सोडलं... आणि एकटे परत गेले.

तेराव्याला गेलेले. फळा कोणी पुसला नव्हता. त्यावर आमच्या त्या शेवटच्या भेटीची तारीख आणि खाली मामांच्या वाकड्या अक्षरात, 'पानी उतारलंय. जेवून जा.' म्हणजे मी धक्क्यावर यायच्या आधीच लिहून ठेवलेलं. मी बघितलंच नव्हतं, मोबाईल बघत होते ना...

निघताना पाणी धक्क्याच्या वरच्या पायरीला लागलेलं. होडी आता सरलाकाकू चालवतात. दोरी सोडत म्हणाल्या, "चल गो, बस."

मी म्हटलं, "पाणी कुठाय, काकू?"

त्यांनी फळ्याकडे बघितलं. आणि दोरी परत बांधली.